आधीचा आजार असताना गरोदरपण: गोळ्या बंद करण्याआधी हे वाचा

पाळी चुकते, घरच्या चाचणीत दोन रेघा उमटतात आणि त्याच रात्री बीपीची, फिटची किंवा थायरॉइडची गोळी बंद होते. कारण एकच, बाळाला काही व्हायला नको. मग डॉक्टरांची वेळ घ्यायची, कुणी सोबत यायचं, यात दोन-तीन आठवडे निघून जातात. बाळाचे अवयव नेमके याच काळात घडत असतात. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की पहिलं काम म्हणजे जुन्या आजाराच्या डॉक्टरांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फोन करणं आणि प्रत्येक औषधाचं नाव घेऊन विचारणं: हे चालू ठेवायचं, बदलायचं, की डोस वाढवायचा?

हो, वाढवायचाही असतो. हायपोथायरॉइडिझमसाठी थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईला दिवस राहिल्यावर साधारण पाव ते एक तृतीयांश जास्त डोस लागतो, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. बरेच डॉक्टर फोनवरच सांगतात की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्या आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; हार्मोन कमी पडला की हा आकडा चढतो) करून या. पुढे साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि मग तिसाव्याच्या आसपास एकदा टीएसएच पाहतात. डोस बरोबर असूनही टीएसएच उतरत नसेल तर आधी वेळापत्रक बघा. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम सुरू होतं आणि त्या गोळ्या थायरॉक्सिनसोबत घेतल्या तर ते नीट शोषलं जात नाही. मध्ये चार तासांचं अंतर हवं.

बीपीच्या औषधांत एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही नावं असतील तर ती बदलावीच लागतात. पुढच्या महिन्यांत त्यांनी बाळाच्या किडनीला इजा होते आणि गर्भजल कमी होतं. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात. म्हणजे गोळी बदलली जाते, बीपी मोकाट सोडलं जात नाही. दम्याचा पंप चालूच ठेवायचा. दम लागून आईचा ऑक्सिजन कमी होणं बाळाला पंपापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं. ल्युपसमधलं (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषधही सहसा थांबवत नाहीत.

फिटच्या औषधांचं प्रकरण नाजूक आहे. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या दहातल्या एका आईच्या बाळात जन्मजात दोष आढळतो, आणि शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी दिसतात. तरीही ते एका झटक्यात बंद करायचं नाही. अचानक औषध तुटलं तर लांबलेली फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर येऊ शकते. हा बदल खरं तर दिवस राहण्याआधी व्हायला हवा. लॅमोट्रिजिनची गंमत उलटी: औषध तुलनेनं सुरक्षित, पण गरोदर शरीर ते इतक्या वेगानं बाहेर टाकतं की तोच डोस अपुरा पडून फिट येऊ लागतात. रक्तातली पातळी दिवस राहण्याआधी एकदा मोजून ठेवली असेल तर नंतर डोस किती वाढवायचा ते ठरवता येतं.

बाळाचं नियोजन करत असाल तर काही कामं आधीच उरकतात. मधुमेहात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली आणायचं, तेही शुगर फार खाली न घसरता जमत असेल तर. १० च्या वर असेल तर थांबा असंच सांगतात. मधुमेह किंवा फिटचं औषध असेल तर फॉलिक अॅसिड नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमऐवजी ५ मिलिग्रॅम बऱ्याचदा दिलं जातं, आणि ते आधीपासून घ्यावं लागतं. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे उरतात. ल्युपस किमान सहा महिने शांत असावा. ल्युपस, संधिवातासारख्या आजारांत दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट ही औषधं गर्भाला घातक असतात; ती कधी थांबवायची आणि त्याऐवजी काय, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यायचं.

आता पहिली भेट. ती दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी, आणि याच भेटीबद्दल सगळ्यात जास्त आग्रह धरावा असं वाटतं. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडं उतरतं. एखादी बाई पहिल्यांदा अठराव्या आठवड्यात आली तर तिचं जुनं बीपी चक्क नॉर्मल दिसतं. मग तिसाव्या आठवड्यात ते १५० वर गेलं आणि लघवीत प्रोटीन दिसलं की प्रश्न पडतो: हा आधीचाच आजार, की प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणामुळे बीपी वाढून किडनी, लिव्हरसारख्या अवयवांना त्रास होणारा आजार)? पहिल्यात औषध वाढवून थांबता येतं, दुसऱ्यात वेळेआधी प्रसूती करावी लागू शकते. सुरुवातीचे आकडे फाईलमध्ये नसतील तर तेव्हा अंदाजावर निर्णय घ्यावा लागतो. म्हणून बीपी, मधुमेह, किडनी किंवा ल्युपस असेल तर पहिल्याच भेटीत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर, प्लेटलेट आणि लिव्हरच्या तपासण्या मागून घ्या. गरोदरपणात क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली जातं. लॅबच्या कागदावर ०.९ ला नॉर्मल लिहिलेलं असलं तरी गरोदर बाईत ते जास्तच धरायचं, आणि ही चूक फार सहज होते. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदाही तपासायचा, कारण या महिन्यांत पडद्याचा त्रास वाढू शकतो.

याच भेटीत अॅस्पिरिनबद्दल विचारा. जुनं बीपी, मधुमेह, किडनीचा आजार किंवा ल्युपस असेल तर ७५ ते १५० मिलिग्रॅम रोज, बाराव्या आठवड्यापासून देतात. प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका त्यानं कमी होतो, पण सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केलं तर फायदा घटतो.

इन्सुलिनवर असाल तर गरज नऊ महिने बदलत राहते. पहिल्या तीन महिन्यांत, विशेषतः उलट्या होत असताना, शुगर अचानक खाली येते; गरोदरपणाच्या उत्तरार्धात डोस दुप्पटही होऊ शकतो. तो वाढला म्हणून घाबरायचं कारण नाही. शुगर उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासानं १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत, हे उद्दिष्ट. शेवटच्या महिन्यांत मात्र काहीही न बदलता इन्सुलिन झपाट्यानं कमी लागू लागलं तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. वार (प्लासेंटा) नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते.

घरी बीपी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. दंड जाड असेल तर मोठा कफ घ्या, लहान कफ आकडा फुगवतो. मिनिटभरानं पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला, किंवा न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं यातलं काही असलं, किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

दोन डॉक्टर असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. इन्सुलिनचा डोस कोण बदलणार, रात्री त्रास झाला तर कुणाला फोन, हे दोघांकडूनही एकाच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावा. हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर भूलतज्ज्ञांची भेट बत्तिसाव्या-चौतिसाव्या आठवड्यापर्यंत व्हावी. पाठीत सुई देता येईल का आणि शेवटचा डोस कधी घ्यायचा, हे कळा सुरू झाल्यावर ठरवायला उशीर होतो.

प्रसूतीनंतरचे डोसही आधीच लिहून घ्यायचे. वार पडल्याबरोबर इन्सुलिनची गरज कोसळते आणि जुनाच डोस दिला तर शुगर धोकादायक खाली जाते. थायरॉक्सिन सहसा आधीच्या डोसवर येतं आणि सहा आठवड्यांनी टीएसएच होतं. लॅमोट्रिजिन वाढवलं असेल तर ते टप्प्याटप्प्यानं उतरवावं लागतं, नाहीतर तोल जाणं, दोन-दोन दिसणं सुरू होतं. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतं, आणि तोवर बरेचदा घरी सोडलेलं असतं. तेव्हा मशीन सोबत न्या आणि त्या आठवड्यात रोज मोजा.