आमची वाटचाल : जीप आमच्या दारातून गेली तिथपासून

परतवाड्यातल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही 'ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स' एवढंच लिहिलेलं आहे. आता आम्ही जुन्या गाड्यांना जीपीएस ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठं आहे ते मोबाइलवर कळवणारा डबा, बसवतो, पण त्याचा पाटीवर पत्ता नाही. पाटी वडिलांनी रंगवून घेतलेली, आणि ती बदलायचा विषय निघाला की त्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही.

वडिलांचं काम डायनमो आणि सेल्फचं, म्हणजे गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या आणि इंजिन सुरू करणाऱ्या यंत्रांचं. आर्मेचर भरणं, डायनमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा कटआउट सेट करणं, जळालेलं वायरिंग नव्यानं ओढणं. परतवाडा हे सागवानाचं गाव, वर मेळघाट. त्यामुळे जंगलात जाणाऱ्या जीपगाड्या इथं भरपूर होत्या, आणि त्यांचं वायरिंग दर पावसाळ्यानंतर कुठं ना कुठं सडलेलं असायचंच. मी शाळेतून आल्यावर टेस्ट लॅम्प धरून उभा राहायचो. कोणत्या गाडीत कोणती वायर कुठून जाते हे तेव्हाच हाताला पाठ झालं. पुढं त्याचेच पैसे मिळणार आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं.

मग ती जीप आली. चांदूर बाजारकडच्या एका संत्रा बागायतदाराची, उंच बॉनेटची जुनी महिंद्रा. चार्जिंग होत नाही म्हणून त्यांनी संध्याकाळी आणून लावली आणि बसनं घरी गेले. रात्री ती दुकानासमोर कडुलिंबाखाली उभी होती. सकाळी शटर उघडलं तर जमिनीवर ऑइलचा काळा डाग तेवढा होता. वडिलांना वाटलं, मालकच पहाटे येऊन घेऊन गेले असतील. मालक दहा वाजता आले ते हातात नवीन फॅनबेल्ट घेऊन.

"काऊन बापा, गाडी कोठी लावली?"

वडील काहीच बोलले नाहीत. मला त्या दिवसातलं एवढंच नीट आठवतं. बाकी पोलीस ठाणं, पंचनामा, नाक्यानाक्यावर विचारपूस, सगळं झालं. जीप मिळाली नाही. वडिलांनी हप्त्यानं पैसे देऊ केले. मालक म्हणाले, "पैसे कायचे देता? माया बापाची होती ते." पुढची बरीच वर्षं ते आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

नवी गाडी चोरायला चोराला डोकं लावावं लागतं. तिच्या किल्लीत चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन पेटत नाही. जुन्या जीपमध्ये डॅशच्या मागं हात घालून दोन वायरी जोडल्या की काम झालं. प्रीमियर पद्मिनीच्या दाराला तर मी स्वतः दुसऱ्याच पद्मिनीची किल्ली लावून पाहिली आहे, उघडतं. वर या गाड्यांना भाव आला आहे. पद्मिनी बंद होऊन आता साधारण पाव शतक झालं. अँबेसेडर 2014 मध्ये बंद झाली. लग्नात नवरदेवाला जुनी गाडी हवी, फोटोवाल्यांना हवी, शेतावरच्या रिसॉर्टवाल्यांना दारात उभी करायला हवी. आणि विमा बहुतेकांचा फक्त थर्ड पार्टी. त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा काढायला गेलं तर 5 वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवावी लागते, आणि कंपनी जो आकडा सांगते तो ऐकून माणूस पॉलिसीचा कागद तिथंच ठेवून परत येतो.

2016 मध्ये मी नागपूरहून दोन ट्रॅकर आणले. एक आमच्याच व्हॅनला लावला. दुसरा अमरावतीच्या एका निवृत्त गृहस्थांच्या मॉरिस मायनरला लावायला गेलो आणि लावल्या लावल्या जाळला.

ती गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण आमचा धंदा खरा तिथं सुरू झाला. आज आपण बघतो त्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचं मायनस टोक बॉडीला जोडलेलं असतं. जुन्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत उलटं. प्लस बॉडीला, म्हणजे प्लस अर्थ. मॉरिस मायनर त्यातलीच. मी सवयीनं काळी वायर बॉडीला आवळली, लाल वायर चालू लाइनला दिली. एक बारीक 'चट्' असा आवाज आला, बेकलाइट जळाल्यासारखा वास आला, आणि साडेतीन हजार रुपये गेले. गृहस्थ खुर्ची टाकून शेजारीच बसले होते. म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते हसले नाहीत. "आधी मीटर लाव, मग हात लाव," एवढंच म्हणाले. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत होतो.

तेव्हापासून गाडी दुकानात आली की पहिली पंधरा मिनिटं आम्ही काहीच बसवत नाही. अर्थ कोणता, बॅटरी 6 व्होल्टची की 12 ची, डायनमो आहे की त्याच कामाचा नवा अल्टरनेटर, रेस केल्यावर व्होल्टेज किती चढतं, हे सगळं वहीत उतरवतो. डायनमोचा जुना रेग्युलेटर चिकटला की व्होल्टेज असं उसळतं की स्वस्तातला ट्रॅकर एका पावसाळ्यात मरतो. 6 व्होल्टच्या जावा मोटरसायकलला तर साधा ट्रॅकर चालतच नाही, त्याला स्वतःची बॅटरी असलेला वेगळा द्यावा लागतो. डबा आज कुणीही घरबसल्या मागवू शकतो, आमच्यापेक्षा स्वस्तात. मागवतातही. मग तो लावून घ्यायला आमच्याकडे येतात.

गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "सॅटेलाइटले आमची गाडी दिसते का?" नाही दिसत. सॅटेलाइट फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरतो, साधारण 20,200 किलोमीटर उंचीवरून. गाडीतला डबा निदान चार सॅटेलाइटचे सिग्नल ऐकतो, प्रत्येक सिग्नलला पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून आपण कुठं आहोत हे स्वतः काढतो, आणि मग आतल्या सिमकार्डावरून ते आपल्या मोबाइलवर कळवतो. म्हणजे वर आभाळ मोकळं हवं आणि खाली टॉवर हवा. दोन्हीपैकी एक नसलं की ठिपका थांबतो. सिमचा रिचार्ज संपला तरी थांबतो, आणि आमच्याकडच्या दहातल्या नऊ तक्रारी याच असतात.

टिनाच्या शेडचा ताप वेगळा. संत्र्याच्या बागेतली गाडी टिनाखालीच उभी असते. टिनावर आपटून आलेला सिग्नल डब्याला फसवतो आणि उभी गाडी नकाशावर इकडंतिकडं हिंडू लागते. करजगावच्या एका दादांना आम्ही सुरुवातीला 50 मीटरचं कुंपण आखून दिलं होतं, गाडी त्याबाहेर गेली की मोबाइल वाजणार. रात्री दोनला मोबाइल वाजला. ते काठी घेऊन, गड्याला उठवून धावत गेले. गाडी जागेवर, बॉनेटवर मांजर झोपलेलं. सलग तिसऱ्या रात्रीही तेच झालं तेव्हा त्यांनी मला रात्री सव्वादोनला फोन करून जे सांगितलं ते इथं लिहिता येणार नाही. आता टिनाखालच्या गाडीला आम्ही कुंपण 200 मीटरचं देतो, आणि गाडीला हादरा बसला किंवा इग्निशन चालू झालं तरच मोबाइल वाजेल अशी अट घालतो.

बॅटरीचा हिशेब मात्र मी प्रत्येकाला कागदावर करून दाखवतो. सतत जागा असणारा ट्रॅकर 60 मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला जवळपास दीड अँपिअर-तास जातो. 60 अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत अर्ध्यावर येते. जुनी गाडी पावसाळाभर उभीच असते. पोळ्याला धुवायला काढतात तेव्हा सेल्फ नुसता टक् करतो आणि शिव्या आम्हाला बसतात. गाडी उभी असताना झोपणारा डबा 10 मिलिअँपिअरवर येतो, त्याच्यावर चार महिने निघतात. तोच घ्या म्हणतो. आणि उंदीर. कापूस ठेवलेल्या घराशेजारी गाडी लावत असाल तर वायरीवर जाड स्लीव्ह घालूनच घ्या. आमच्या नव्या वायरीत उंदरांना काय चव लागते कोण जाणे, पन्नास वर्षांच्या जुन्या वायरीला ते तोंड लावत नाहीत.

आमचं नाव झालं ते बहिरमच्या यात्रेमुळं. ही यात्रा डिसेंबरच्या विशीत सुरू होते ती महिनाभरापेक्षा जास्त चालते. रोडगे आणि मातीच्या हंडीतलं मटण खायला सगळा वऱ्हाड तिथं लोटतो. ठिकाण परतवाडा-बैतूल रस्त्यावर, पुढं लगेच मध्य प्रदेश. आमच्या एका गिऱ्हाइकाची सीजे जीप तिथून गेली. इग्निशन चालू झाल्याचा निरोप त्यांच्या मोबाइलवर रात्री 9:40 ला आला होता, पण गर्दीत त्यांना दिसला नाही. मला फोन आला तेव्हा पावणेअकरा झाले होते.

मी ॲप उघडलं. ठिपके हद्दीच्या पलीकडे गेले होते आणि घाटातल्या एका वळणावर थांबले होते. मालक फोनवर ओरडत होते, "बंद कर गाडी! बटन आहे ना तुयाजवळ?" बटण होतं. रिलेनं इंजिन बंद करता येत होतं. मी दाबलं नाही. घाटात, अंधारात, मागून ट्रक येत असताना चालती गाडी बंद करायची नाही, गाडीत चोर असला तरी. शिवाय गाडी उगाच बंद पडली की चोराला शंका येते आणि तो डबा शोधायला लागतो. मालकांना हे तेव्हा पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

दीड तास काहीच नाही. मग साडेबाराच्या सुमारास एकदम 23 ठिपके आले, धान्य ओतल्यासारखे. टॉवर नव्हता तेव्हा डब्यानं सगळ्या जागा स्वतःजवळ साठवून ठेवल्या होत्या. शेवटचा ठिपका रस्त्यापासून आत, एका शेतात. इकडचे पोलीस म्हणाले, गाडी तिकडं आहे. तिकडचे म्हणाले, गुन्हा इकडं घडला. त्यात पहाट झाली. अखेर दोन शिपाई बरोबर आले. जीप ताडपत्रीखाली होती, नंबरप्लेट काढलेल्या. मालकांनी खिशातून चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट काढला, आरटीओत देतात तसा कागद घासून घेतलेला. तो मी त्यांच्याकडून आधीच करून घेतला होता. तेवढ्यावर जीप त्यांची ठरली.

घरी यायला मात्र सात आठवडे लागले. मुद्देमाल म्हणून ती ठाण्याच्या आवारात उभी राहिली, मग वकील, मग गाडी ताब्यात देणारा कोर्टाचा सुपूर्दनामा. हातात आली तेव्हा दोन टायर बसलेले होते आणि बॅटरी कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं.

सगळ्याच मिळत नाहीत. एका पद्मिनीतला डबा चोरानं दहा मिनिटांत काढून रस्त्याकडेच्या नालीत टाकला होता. आम्हाला नालीपर्यंतचा रस्ता अगदी अचूक कळला. गाडी रंगवायला दिली होती आणि तिथं डॅश उघडलेला होता, म्हणजे डबा कुठं आहे हे चारपाच जणांनी पाहिलं होतं. बाहेरचा चोर क्वचितच असतो. त्याला तुमची गाडी कुठं असते, किल्ली कुठं टांगता, तुम्ही कोणत्या लग्नाला गेला आहात हे कसं कळणार? तेव्हापासून आम्ही दोन डबे सुचवतो. एक वायरिंगवरचा, सापडला तर सापडू दे. दुसरा स्वतःच्या बॅटरीवरचा, दिवसातून एकदा जागा होऊन ठिकाण कळवून परत झोपणारा. तो मी एकटा बसवतो, शटर खाली ओढून. आमच्या पोरांनाही बाहेर चहाला पाठवतो, त्यांना राग येतो. जीपमध्ये तर सगळंच उघडं आणि सगळाच पत्रा, पत्र्याआड सिग्नल जात नाही. तरी एक जागा आहे. ती सांगत नाही.

आज आम्ही चौघं आहोत. रिचार्जची वही बायको सांभाळते आणि तिची आठवण चुकवायची गिऱ्हाइकांची हिंमत नाही. टॅक्सी-बसच्या ट्रॅकरचा धंदा मोठा आहे, तिथं सरकारमान्य डबेच लावावे लागतात, आम्ही त्यात पडलो नाही. ट्रॅक्टरांना डबे लावतो, पोट तेच भरतात. 2021 च्या नियमानं 50 वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून वेगळा व्हीए नंबर मिळतो, 20,000 रुपये भरून, 10 वर्षांसाठी. दोनतीन हौशी लोकांनी त्याबद्दल विचारलं. पण त्या नंबरावर गाडी धंद्याला लावता येत नाही हे कळल्यावर लग्नवाले मागं फिरले.

चांदूर बाजारचे ते काका गेल्या वर्षी दुकानात आले. वडील खुर्चीवरून उठले, काका बसले, दोघं बराच वेळ पावसावर आणि संत्र्याच्या गळतीवर बोलले. मग काका म्हणाले, जीप घेतली आहे, तशीच, उंच बॉनेटची. दोन्ही डबे लावून दिले. ॲप त्यांना नको. त्याऐवजी रोज संध्याकाळी सातला फोन येतो, "आहे ना बाबू जागेवर?" मी हातातलं काम सोडून पाहतो आणि सांगतो, "आहे काका, घरीच आहे."

परवाही सांगितलं, घरीच आहे. तर म्हणाले, "ते मले माहीत हाय. मी तिच्यातच बसून बोलून राह्यलो. तुयं मशीन चालू हाय का ते पाहत होतो."