बर्थ

परवा दुपारी मावसबहिणीचा मेसेज आला, "बर्थचं झालं का?" मी मोठ्यानं वाचला आणि शेजारी गवार मोडत बसलेली आई म्हणाली, "ते तिनंच बघायला पाहिजे ना, नगरपालिकेत जाऊन. आपण इथून काय करणार?" तिच्या डोक्यात बाळाच्या जन्माचा दाखला. बहिणीच्या मनात आईचं तिकीट, कारण रत्नागिरीला बारशाला जायचंय, रात्रीची गाडी, वेटिंग चार आणि गुडघे दोन्ही दुखतायत.

मराठीत लिहिलं की दोन्ही बर्थ सारखेच दिसतात, इंग्रजीत एका अक्षराचा फरक. पण पूर्वी तिकडचे लोकही गाडीतल्या, म्हणजे तेव्हा जहाजातल्या, बर्थचं स्पेलिंग कधीकधी जन्मवाल्यासारखंच करायचे. दोघांचं मूळही बहुतेक 'बेअर' या एकाच क्रियापदात आहे, वाहणं, धरणं, पोटी धरणंसुद्धा. म्हणजे आईचं फार काही चुकलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही, गवार माझ्याकडे आली असती.

मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बर्थ म्हणजे मुळात झोपायची जागा नव्हेच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द दिसतो तेव्हा त्याचा अर्थ आहे पाण्यातली मोकळी जागा. जहाजानं नांगर टाकला तरी ते गप्प उभं राहत नाही, वारा फिरला, भरतीची ओहोटी झाली की नांगराभोवती फिरतं, खुंटाला बांधलेल्या म्हशीसारखं. त्या फिरण्याच्या आत दुसरं कुणी येऊ नये म्हणून जेवढं पाणी रिकामं सोडायचं ते बर्थ. इंग्रजीत एखाद्याला 'वाइड बर्थ' देतात ना, ते हेच, आपण चार हात लांब राहतो तसं. मग हळूहळू बर्थ म्हणजे बंदरात जहाज लागायची जागा झाली, मग खलाशाची पेटी ठेवायची, मग त्याची झोपायची, मग जहाजावरची नोकरीसुद्धा, आणि तिथून रेल्वेत. आता पेपरात कुणाला मंत्रिमंडळात बर्थ मिळते, कुणाला मिळत नाही. तिथलं वेटिंग कधीच क्लिअर होत नाही म्हणे.

झोपायची जागा झाली म्हणजे ऐसपैस झाली असं काही नाही हं. जुन्या ब्रिटिश आरमारात साध्या खलाशाला टांगलेल्या झोळीसाठी १४ इंच रुंदी मिळायची. चौदा! निम्मे लोक रात्रपाळीला डेकवर असायचे म्हणून शेजारची झोळी रिकामी राहायची आणि २८ इंच पदरात पडायचे. वाचल्यावर मला आरएसी आठवलं. साइड लोअरवर दोन अनोळखी माणसं गुडघे पोटाशी घेऊन समोरासमोर, आणि एक जण बाथरूमला गेला की दुसरा हळूच पाय लांब करतो.

आपल्याकडे जहाजाच्या बर्थला धक्का म्हणतात, हेही झकासच. भाऊचा धक्का. आजोबा तिथून बोटीनं गावाला जायचे, डेकवर पथारी टाकून, वर ताडपत्री. त्यांच्या सांगण्यात बर्थबिर्थ काही नसायचं. कोकणातल्या कितीतरी बंदरांना बोट किनाऱ्याला लागायचीच नाही, लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, सगळं पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरवायचे. पडाव खाली गेला की थांबायचं, वर आला की उडी. आजी नऊवारीत, कडेवर आई, अशी उडी मारायची म्हणे. आई म्हणते तिला ते आठवतं, पण ती तेव्हा दीड वर्षाची होती, त्यामुळे मी मान डोलावते.

माझं बालपण मात्र गाडीतल्याच बर्थचं. वरची बर्थ माझी, त्यावर भावाशी मारामाऱ्या झाल्या आहेत. वर चढलं की छताला डोकं लागायचं, जाळीच्या पंख्याचं बटण दाबलं तरी तो ढिम्म, मग खालून बाबा कंगवा द्यायचे, तो जाळीतून आत घालून पातं ढकललं की घरघर सुरू. कंगव्याचे दोन दात त्या पंख्यानंच खाल्ले. रबरी उशीत हवा भरायचं काम भावाकडे, तिला रात्रभर फुग्यासारखा वास यायचा. आणि आठाचा पाढा मी शाळेत नाही, गाडीत शिकले. बाबा नंबर विचारायचे, आठानं भागायचं आणि बाकी सांगायची, एक आणि चार खालचे, दोन आणि पाच मधले, तीन आणि सहा वरचे, सात साइड लोअर, काहीच उरलं नाही तर साइड अप्पर. स्लीपरचा डबा तेव्हा संपायचा कुठे? आठ नव्वे बहात्तर. अजूनही मला कुणी कुठलाही नंबर सांगितला, फ्लॅटचा, टोकनचा, पेशंटच्या खोलीचा, की मी आधी आठानं भागते. एका मैत्रिणीनं कौतुकानं नवीन घराचा नंबर सांगितला आणि मी म्हटलं, अरेरे, साइड अप्पर.

मधल्या बर्थचं कुणालाच प्रेम नाही. दिवसा ती नसतेच, पाठ टेकायला असते. रात्री दहाला उघडायची, साखळ्या अडकवायच्या, की खालच्यालाही मान ताठ ठेवून बसता येत नाही. नांगराभोवती फिरायची मोकळी जागा कुठे आणि हे कुठे, कूस बदलायची तरी आधी नीट विचार करावा लागतो.

आज दुपारी चार्ट लागला. आई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी, चष्मा शोधत. "झालं का गं कन्फर्म?"

झालं होतं. एस ४, ३७.

"खालचाच आहे ना?"

आठ चोक बत्तीस. उरले पाच.