तुम्ही विचारलंत म्हणून: वाघ हमखास दिसेल अशी जागा कोणती?

सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न येतोच. कधी वाघाबद्दल, कधी सिंहाबद्दल, तर कधी "बिबट्या, चित्ता, सिंह, सगळं एकाच फेरीत उरकता येईल का?" असा. विचारणाऱ्याची रजा बहुतेक वेळा आधीच मंजूर झालेली असते, मी फक्त जंगलाचं नाव सुचवायचं असतं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी प्राणी ठरवा, मग त्याचा हंगाम बघा आणि सगळ्यात शेवटी रजा टाका. तारखा हलत नसतील तर प्राणी बदला. ज्याला मे महिन्यातच सुट्टी आहे त्याने हिमबिबट्याच्या नादी लागू नये, आणि ऑगस्टमध्ये मोकळ्या असलेल्याने वाघाचा हट्ट सोडावा.

वाघासाठी एप्रिल-मे उत्तम. ताडोबा, रणथंबोर, कान्हा कुठेही जा, तेव्हा पानगळ झालेली असते, नजर लांबवर जाते आणि पाणी मोजक्या जागी उरलेलं असतं. चितळ-सांबर तिथे येतात, म्हणून वाघ येतो. शिवाय त्याला स्वतःलाही पाण्यात बसायला आवडतं. ऊन मात्र भाजून काढतं, त्याला इलाज नाही. पावसाळ्यात यातल्या बहुतेक जंगलांचा कोअर भाग बंद असतो. सिंहांचं गीर तर 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद.

लडाखचं गणित बरोबर उलटं. तिथे जानेवारी ते मार्च. थंडीत भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबकरा) खाली उतरतात, त्यांच्यामागे हिमबिबट्याही उतरतो, आणि त्याचा माजाचा काळही तोच. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे, तेव्हा पहिले दोन दिवस काहीही न करता काढायचे. मग दिवसभर एका जागी उभं राहून स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, समोरचा डोंगर विंचरायचा. दिसलाच तर बहुतेक वेळा खूप लांबवर, खडकाच्याच रंगाचा. ज्यांना जवळून फोटो हवा आहे त्यांना मी लडाख सुचवत नाही.

आता लोक करतात त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. गणनेचे आकडे बघून जागा निवडतात. प्राणी असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. सुंदरबनात वाघ आहेत, पण खारफुटीच्या जाळीत तो क्वचितच दिसतो. बिबट्यासारख्या ठिपकेदार जग्वारचंही तेच. ॲमेझॉनमध्ये जग्वार भरपूर, पण त्या घनदाट जंगलात तुमच्यापासून वीस पावलांवर असला तरी कळणार नाही. ब्राझीलच्याच पंतनालमध्ये, पोर्तो जोफ्रेच्या आसपासच्या नद्यांवर, तो भर दिवसा दिसतो. जुलै ते ऑक्टोबर पाणी ओसरलेलं असतं, काठ उघडे पडतात, केमन मगरी आणि कॅपिबारा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) काठावर असतात, जग्वार त्यांच्यावर डोळा ठेवून फिरतो आणि आपण होडीत. उघडी जमीन, भक्ष्याची गर्दी आणि माणसाला सरावलेला प्राणी, या तीन गोष्टी जिथे जुळतात ती जागा चांगली. केनियातल्या मासाई मारा आणि टांझानियातल्या सेरेंगेटीचं यश यातच आहे. चित्ता बघायचा असेल तर जानेवारी ते मार्च सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूकडे जा. तेव्हा विल्डबीस्ट या मोठ्या हरणांची पिल्लं जन्मतात आणि आखूड गवतात चित्त्याचा पाठलाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसू शकतो. सिंह-तरसांची गाठ टाळण्यासाठी तो बराचसा दिवसाच शिकार करतो, हे आपल्या पथ्यावर पडतं.

बिबट्याचं तसं नाही. तो रात्रीचा गडी, म्हणून तिथे नियम बघायचे. राष्ट्रीय उद्यानांत सहसा गाडी रस्ता सोडू शकत नाही आणि अंधार पडायच्या आत बाहेर यावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या साबी सँड्समध्ये खासगी मालकी असल्याने गाडी माग काढत झुडपात शिरते आणि रात्रीही फिरते. झांबियातल्या साउथ लुआंग्वातही रात्रीची फेरी मिळते. पायी फिरायची हौस असलेल्यांनी चिलीतल्या तोरेस देल पाइनेचा विचार करावा. तिथे ग्वानाको (उंटाच्या कुळातले रानटी प्राणी) ओरडले की प्यूमा, म्हणजे तिथलं मोठं रानमांजर, जवळपास आहे असं समजायचं. आपल्याकडे सांबराने कॉल दिला, म्हणजे धोक्याचा आवाज काढला, की गाईड जिप्सी थांबवतो, तसंच. (चितळाच्या कॉलवर फार विसंबू नका, ते पानाच्या सळसळीलाही दचकतं.)

आणि दिवस. सर्वांत जास्त वाद मी यावर घालतो. समजा, सफारीच्या एका फेरीत वाघ दिसण्याची शक्यता निम्मी आहे. दोनच फेऱ्या केल्या तर चार जणांतला एक जण वाघ न बघता परततो. सहा केल्या तर चौसष्टांतला एक. जंगल इतकं हिशोबी नसतं हे खरं, पण कल हाच. त्यात एकाच जंगलात राहिलं की काल वाघीण कुठल्या नाल्यात उतरली, शिकार कुठे पडली आहे, हे आजच्या फेरीला उपयोगी पडतं. तीन जंगलांत प्रत्येकी एक रात्र राहणाऱ्याला हे काहीच मिळत नाही, फक्त सामान बांधणं-सोडणं मिळतं. म्हणून यादीतली दोन नावं खोडा आणि उरलेल्या जंगलात सगळे दिवस घाला.

बुकिंगचं थोडक्यात: भारतात परवाने मर्यादित असतात, चांगल्या हंगामातले लवकर संपतात. केनिया किंवा ब्राझीलला जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर पुढच्या देशात किंवा परत येताना अडवतात. मुलं लहान असतील तर लॉजला वयाची अट आधी विचारा, अनेक ठिकाणी उघड्या गाडीत त्यांना घेत नाहीत.

सिंहाच्या बछड्यांना कुरवाळायला मिळेल, त्यांच्यासोबत चालता येईल, असं कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं दिसलं तर ती जागा सोडून द्या. ते बछडे पिंजऱ्यात वाढवलेले असतात, आणि मोठे झाल्यावर त्यांचं काय होतं हे विचारलं की उत्तरं गोलमोल येऊ लागतात.

पहिलीच वेळ असेल, मन कशावरच ठरत नसेल आणि परदेशी जाणं जमण्यासारखं असेल, तर मी मारा सांगेन, तेही शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीमध्ये, म्हणजे उद्यानाबाहेरच्या राखीव जंगलात, मुक्काम करून. तिथे गाड्या कमी असतात. वाघच हवा असेल तर ताडोबा, मेचा पहिला पंधरवडा, सहा फेऱ्या.