चौथा दिवस

आयव्हीएफ लॅबमध्ये चौथ्या दिवसाला फारसं कुणी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी सुट्या दिसतात, मोजता येतात. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे बाहेर एक थर आणि आत पेशींचा गट असलेला पोकळ गोळा होतो, त्याला ग्रेड देता येते. मधल्या दिवशी पेशी एकमेकींना इतक्या बिलगतात की कडाच दिसेनाशा होतात. आम्ही ‘कॉम्पॅक्टेड’ लिहून डिश परत इनक्युबेटरमध्ये सरकवतो. पण कोणती पेशी वारेकडे जाणार आणि कोणती बाळाकडे, ही वाटणी याच सुमारास सुरू होते.

ती अंड्यातच ठरलेली नसते. पोलंडचे भ्रूणशास्त्रज्ञ आंजेय तार्कोव्स्की यांनी १९५९ मध्ये उंदराच्या दोनपेशी भ्रूणातली एक पेशी सुईनं मारली. उरलेल्या एकीपासून पूर्ण पिल्लू जन्मलं. पुढे १९६७ मध्ये योआना व्रुब्लेव्स्कांसोबत त्यांनी मांडलं की पेशी कुठे बसली आहे, हे निर्णायक. बाहेर राहिली ती वारेची, आत कोंडली ती बाळाची.

आपण बाहेर आहोत हे पेशीला कळतं कसं? तिच्या एका बाजूला शेजारीणच नसते. त्या मोकळ्या बाजूमुळे ‘हिप्पो’ नावाची संदेशसाखळी मंदावते, याप हे प्रथिन केंद्रकात शिरतं, तिथल्या टीड-४ या प्रथिनाला मिळतं आणि पेशीला वारेकडे नेणारा सीडीएक्स-२ जनुक चालू होतो. आतल्या पेशीला चहूकडून शेजारणी, तिथे हिप्पो जागा, याप केंद्रकाबाहेरच अडकलेलं. उंदरात हे असं चालतं. माणसात सीडीएक्स-२ बराच उशिरा उगवतो, त्याआधी वारेकडचाच दुसरा जनुक, गाटा-३, दिसतो, त्यामुळे उंदराचं वेळापत्रक आमच्या डिशला लावू नये. चार पेशींच्या टप्प्यावरच काहींचा कल झुकलेला असतो, असं भ्रूणशास्त्रज्ञ मॅग्डालेना झर्निका-गोएत्झ यांच्या गटाला उंदरात आढळलं. असेल. पण कल म्हणजे निकाल नव्हे, असं माझं मत.

(आतल्या पेशींची पुढे आणखी एक वाटणी होते, काही पीतक पिशवीकडे जातात. ते पुन्हा कधीतरी.)

पीजीटीच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी त्याच्या काही पेशी काढून गुणसूत्रं तपासण्याच्या, संमतीपत्रावर एक सून सही करत होती, तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, “ताई, बाळाच्याच पेशी काढल्या तर? हात-पाय कमी नाही ना पडायचा?” नाही, आम्ही पाच-सात पेशी बाहेरच्या थरातून घेतो, वार होणाऱ्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग मी दुसरी बाजूही सांगितली: म्हणजे तपासणी वारेच्या घराण्याची होते, बाळाच्या नाही. दोन्ही घराणी नुकतीच वेगळी झालेली, म्हणून बहुतेकदा उत्तर जुळतं. नेहमीच नाही.

झर्निका-गोएत्झ यांच्याच प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये दाखवलं की उंदराच्या मिश्र भ्रूणात गुणसूत्रं बिघडलेल्या पेशी आतल्या गटात मरून जातात, बाहेरच्या थरात मात्र तग धरतात. त्याआधी, २०१५ मध्ये, इटलीतल्या डॉक्टरांनी ‘मोझेक’ (काही पेशी ठीक, काही बिघडलेल्या) ठरलेले भ्रूण गर्भाशयात सोडून निरोगी बाळं जन्मल्याची नोंद केली होती. आमच्याकडे मोझेक रिपोर्टाचा भ्रूण आता आपोआप बाद होत नाही. तो नायट्रोजनच्या टाकीत राहतो आणि जोडपं आधी जेनेटिक काउन्सेलरकडे जातं.