वाऱ्याच्या तोंडावर पेडल किती आणि शीड किती

पेडल आणि शीड दोन्ही असलेली कयाक, म्हणजे अरुंद हलकी होडी, चालवायला शिकवणे हे माझे काम आहे. या कामात सर्वाधिक वाद एकाच प्रश्नावरून होतो. वारा समोरून येत असेल तर शीड उभारून नागमोडी जावे, की ते गुंडाळून सरळ पेडल मारावे? मोठ्या जलाशयावरच्या एका दिवशी पलीकडच्या काठापर्यंत जाताना वारा सारखा वाढत गेला आणि एकाच फेरीत या प्रश्नाचे उत्तर तीनदा बदललेले मला पाहायला मिळाले.

आमची होडी दोन आसनांची होती आणि तिला दोन्ही बाजूंना उलांड्या, म्हणजे तोल सांभाळणारे तरंगते आधार, होते. प्रत्येक आसनापुढे पेडलचा एक संच होता. 1997 मध्ये होबी कंपनीने आणलेल्या मिराज ड्राइव्हच्या पद्धतीचा हा संच. त्याचे दोन पाते पेंग्विनच्या पंखांसारखे पाण्याखाली आडवे हलतात. सुकाणू आणि शिडाचा दोर माझ्यामागे बसलेल्या प्रशिक्षणार्थीच्या हाती होता.

सुरुवातीला वारा जेमतेम 5 नॉट होता (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर). नुसत्या शिडावर होडी रेंगाळत होती आणि वाऱ्याचा प्रवाह दिसावा म्हणून शिडावर चिकटवलेले लोकरीचे धागे लोंबत होते. मी प्रशिक्षणार्थींना संथ लयीत पेडल मारायला सांगितले आणि मीही मारू लागलो. काही क्षणांतच धागे आडवे होऊन मागे वाहू लागले. होडी वाऱ्याच्या दिशेशी 45 अंशांचा कोन करून 3 नॉटने चालली, तर होडीवर बसलेल्याला लागणारा वारा 5 नॉटचा राहत नाही, तो सुमारे साडेसात नॉटचा होतो; आणि शिडाचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो दुपटीहून अधिक होतो. मात्र हा वाढलेला वारा 45 अंशांवरून न येता समोरच्या बाजूने, 28 अंशांच्या आसपास येतो, म्हणून शिडाचा दोर घट्ट ओढून घ्यावा लागतो. पेडल होडीला ढकलते एवढेच लोकांच्या लक्षात असते. ते शिडासाठी वाराही तयार करते, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते.

“सर, थोडे वळवले तर वेग वाढतोय,” असे ते जीपीएसकडे पाहून म्हणाले, तेव्हा वारा 10 नॉटपर्यंत आला होता. वेग खरोखरच वाढला होता, पण होडी वाऱ्यापासून 60 अंशांवर सरकली होती. त्या कोनावर 5 नॉटने गेले तरी वाऱ्याकडची प्रत्यक्ष प्रगती अडीच नॉटचीच होते. 45 अंशांवर 4 नॉटने गेले, तर ती सुमारे 2.8 नॉट होते. मी म्हटले, “वेगाचा आकडा सोडा, समोरच्या काठाचे अंतर किती कमी होते ते पाहा.” या वाऱ्यात पेडलने वेग मिळवायचा नसतो. हलक्या पायाने आधार देऊन होडीचे तोंड चार-पाच अंश अधिक वाऱ्याकडे ठेवता येते आणि तेवढ्याने फेऱ्यांची लांबी कमी होते. पेडल मारताना पाते डावी-उजवीकडे झुलत असल्याने होडीला बाजूला वाहून जाण्यापासून ते नीट रोखू शकत नाहीत. त्यासाठी होडीच्या मधोमध खाली पाण्यात सोडायची फळी पूर्ण सोडलेली असलीच पाहिजे. काही जण पेडल आहे म्हणून ती वर ठेवतात आणि काठ जवळ का येत नाही याचे आश्चर्य करत बसतात.

दुपारनंतर लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस दिसू लागला, म्हणजे वाऱ्याचा जोर ठरवणाऱ्या बोफर्ट मापनानुसार वारा चौथ्या श्रेणीत, 11 ते 16 नॉटच्या पट्ट्यात होता. वाऱ्याखालची, म्हणजे वारा जिकडे ढकलतो त्या बाजूची, उलांडी पाण्यात खोल जाऊ लागताच आम्ही डोलकाठी फिरवून शिडाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिच्याभोवती गुंडाळला. असे शीड वाऱ्याच्या तितके जवळ जात नाही, कारण पुढची कड जाड होते. होडीने वेग घेतला की पायाखालचे पेडल एकदम हलके लागते. पाण्याला मागे ढकलण्याइतका वेग पायांत उरत नाही आणि तिथे दमण्यात काही अर्थ नसतो.

पेडलची खरी गरज वळताना पडली. टॅक घेताना, म्हणजे होडीचे तोंड वाऱ्यातून फिरवून शीड दुसऱ्या बाजूला नेताना, मी मुद्दाम त्यांना पेडल थांबवायला सांगितले आणि स्वतःचे पायही थांबवले. तीन अंगांची ही हलकी होडी पहिल्याच लाटेवर आपटून थांबली, शीड फडफडू लागले आणि होडी मागे सरकू लागली. मागे जाताना सुकाणूचा परिणाम उलटा होतो, हे त्यांना तिथेच कळले आणि त्यांनी ते विरुद्ध दिशेला नेऊन होडी सोडवली. पुढच्या टॅकला सुकाणू वळवण्याआधीच दोघांनी जोर लावला आणि शीड दुसऱ्या बाजूला भरेपर्यंत पाय थांबवले नाहीत. होडी न अडखळता वळली.

काठावर पोहोचल्यावर जीपीएसवरची रेषा आम्ही मोठी करून पाहिली. सकाळचे कोन नीट होते आणि दुपारचे थोडे पसरट. त्या एका थांबलेल्या टॅकपाशी रेषा मागे वळून स्वतःलाच छेदत होती.