आईची कवळी येईपर्यंत

आईच्या तोंडात शिल्लक होते तेवढे सगळेच दात हलत होते. हिरड्यांचं दुखणं जुनं. दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, एकेक वाचवत बसण्यात अर्थ नाही, सगळे काढून पूर्ण कवळी बसवू. दात काढायचं काम तसं लवकर उरकलं. खरा काळ गेला तो पुढचा. जखमा वरून दोन-तीन आठवड्यांत मिटतात, पण हिरडीखालचं हाड बसायला महिने लागतात, त्यामुळे घाईनं माप घेतलं तर कवळी लवकर सैल होते. मधल्या काळात काय खायचं, याचं उत्तर डॉक्टरांकडे एका ओळीचं होतं: मऊ खायला द्या.

मऊ म्हटलं की आपल्याकडे दूधभात, खिमट, रव्याची खीर. आईला शुगर आहे, त्यामुळे या तिन्हींवर भर देऊन चालणार नव्हतं. आणि तिचं सगळं आयुष्य कोल्हापुरात गेलेलं, चटणी-भाकरीवर वाढलेली बाई. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "दात गेल्यात माझं, मी काय आजारी पडलो न्हाई. आजाऱ्यागत जेवू नगं घालू." ते मला मनापासून पटलं. सकाळचा स्वयंपाक आमच्याकडे मीच करतो, त्यामुळे भाज्या शिजवून, कुस्करून तिच्या ताटात रोज काहीतरी खऱ्या चवीचं पडेल हे बघणं माझ्याकडे आलं. त्यातून जे हाताला लागलं ते इथं लिहितोय. असं माणूस पुष्कळ घरांत असतं.

दात काढल्याच्या दिवशी भाजीबिजी काही नाही. गरम काही द्यायचं नाही, कारण जखमेत धरलेली रक्ताची गुठळी तशीच राहायला हवी. नाचणीची आंबील करून पूर्ण गार केली, ताक घालून सारखी केली आणि वाटीनं प्यायला दिली. स्ट्रॉ द्यायचा नाही, जोरात चूळही भरायची नाही. ओढ बसली की गुठळी सुटते, खड्डा कोरडा पडतो आणि मग ठणका आवरत नाही. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या गुळण्या सुरू झाल्या, तशी भाजीही सुरू झाली. तीही कोमटच.

सुरुवात लाल भोपळ्यानं केली. कपिलतीर्थ मंडईत भोपळ्याच्या फोडी कापून ठेवलेल्या असतात, त्यामुळे आतला रंग दिसतो. गडद केशरी आणि गच्च गराची फोड घ्यायची, फिकट आणि पाणथळ नको. घरी येऊन बिया आणि दोऱ्या काढायच्या, सालासकट मोठे तुकडे करायचे आणि साल खाली करून कुकरच्या डब्यात ठेवायचे. डब्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही, पाणी फक्त कुकरच्या तळाला. दोन शिट्ट्यांत गर इतका मऊ होतो की चमच्यानं खरवडला की सालापासून सुटून येतो. भोपळा, दुधी, फ्लॉवर या भाज्यांच्या अंगातच भरपूर पाणी. त्या पाण्यात उकडल्या की कुस्करल्यावर नुसता पांचट लगदा होतो आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं ते वेगळंच. म्हणून वाफ.

आणि एवढ्यावर थांबायचं नाही. कुस्करलेला गर परत कढईत घालून मंद आचेवर नुसता परतत राहायचा. पहिल्यांदा कडेनं पाणी दिसतं, मग मोठे बुडबुडे फुटतात, मग ते थांबतात आणि उलथनं ओढलं की तळाशी रेघ राहते, लगेच मिटत नाही. तिथं भोपळ्याला चव येते. वर साजूक तुपात जिरं-हिंगाची फोडणी करून ती गाळून घालायची, कारण जिऱ्याचा दाणा कच्च्या हिरडीत जाऊन बसतो. चिमूट मीठ, मोहरीएवढा गूळ. तूप नुसतं चवीसाठी नाही, भोपळ्यातलं आणि गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध काहीतरी सोबत लागतंच.

आता यंत्राबद्दल. सगळे सांगतात मिक्सरमधून काढा. मिक्सर दुधीला, पालकाला ठीक आहे. बटाट्याला आणि रताळ्याला अजिबात नाही. शिजलेल्या बटाट्याच्या पेशी फुगलेल्या स्टार्चनं भरलेल्या असतात. मिक्सरचं पातं त्या फोडतं, स्टार्च बाहेर येतो आणि एका मिनिटात बटाट्याची खळीसारखी चिकट लांब तार सुटते. ती टाळ्याला चिकटते. दात नसलेल्या माणसाला जिभेनं घास फिरवून गिळायचा असतो, त्याला ही चिकटी फार त्रासाची.

आमच्या माळ्यावर आईचं पुरणयंत्र होतं. होळीला आणि बेंदराला खाली उतरायचं, बाकी वर्षभर वर. ते खाली काढलं आणि पुढचे सगळे दिवस ते ओट्यावरच राहिलं. हँडल फिरवलं की त्याचं पातं शिजलेल्या भाजीला जाळीवर दाबत पुढं ढकलतं, चिरत नाही. बटाटा गरम असताना घातला तर खालून शेवया पडल्यासारख्या मऊसूत लडी उतरतात, त्यात कोमट दूध आणि तूप घालून चमच्यानं हलकं एकत्र केलं की झालं. दूधही गार घालायचं नाही. म्हशीच्या दुधाला कोल्हापुरात काय तोटा! त्यातला स्निग्धांश सहा टक्क्यांच्या पुढंच असतो, त्यामुळे वेगळं लोणी घालायची गरज पडली नाही. शुगरमुळे बटाटा मात्र मी रोज दिला नाही, आणि दिला तेव्हा वाटीत अर्धा फ्लॉवर मिसळून.

यंत्राचा दुसरा उपयोग त्याहून मोठा. जाळीवर काय उरतं ते बघा. मटार घातले तर हिरवी रिकामी टरफलं वर राहतात आणि खाली नुसता गोड गर. गाजराचा मधला दोर वर राहतो. टोमॅटोची साल आणि बी वर राहते. जखम ओली असताना डॉक्टर बारीक बियांना घाबरतात ते याचसाठी, आणि मिक्सरमध्ये त्या बिया फक्त बारीक होतात, निघून जात नाहीत. यंत्रातली उरलेली टरफलं मी आमच्या भाकरीच्या पिठात मळून टाकायचो.

टोमॅटो घालायचा तर शेवटी. आंबट पाण्यात भाजी आणि डाळ लवकर मऊ पडत नाही, विशेषतः बटाटा आणि गाजर दडसच राहतात. शेजारच्या काकूंनी सोडा घालायला सांगितलं होतं. सोड्यानं भाजी लवकर विरघळते हे खरं, पण बी-१ आणि क जीवनसत्त्वाचा त्यात नाश होतो. आधीच मोजकं खाणाऱ्या माणसाच्या ताटातलं तेवढंही का घालवायचं? कुकरला आणखी एक शिट्टी द्यावी.

पालेभाजीसाठी नवीन काही शिकावं लागलं नाही. गरगट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. चाकवत निवडताना नुसती पानं घेतली, देठ अजिबात नाहीत. मुगाची डाळ सोबत शिजवली, गरम असतानाच रवीनं घोटली, थोडं डाळीचं पीठ ताकात कालवून लावलं आणि मंद आचेवर ढवळत राहिलो. पीठ लावलं की ताक फाटत नाही. पालकाचंही असंच. मेथीच्या पानाचा चोथा मात्र रवीला दाद देत नाही, ती यंत्रातूनच काढावी लागते. आईला चाकवताचं गरगट वाढलं त्या दुपारी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. वाटी बोटानं पुसून घेतली आणि विचारलं, "उद्याला हाय का?"

वांग्याचं भरीत तर आपलं हक्काचं. कृष्णाकाठची वांगी भरतासाठी नावाजलेली, पण या कामाला बी कमी असलेलं कोवळं वांगंच बघावं. ते विस्तवावर भाजून, सोलून, यंत्रातून काढून, वर घट्ट साईचं दही. कांदा कच्चा नको, तुपात मऊ परतून तोही यंत्रात. गवार, घेवडा यांच्या नादी लागलोच नाही, नुसते दोर. भेंडी बुळबुळीत होते. शेवग्याच्या शेंगेचा गर खरवडून डाळीत घातला तर उत्तम लागतो, वेळ असेल तर करावा.

एक गोष्ट मला लवकर लक्षात आली, ती म्हणजे सगळ्या भाज्या एकत्र शिजवून एकच लापशी करायची नाही. पौष्टिक असते, पण दोन दिवसांत माणूस वाटीकडं बघून मान फिरवतं. ताटात भोपळा वेगळा, गरगट वेगळं, मऊ भाताची मूद वेगळी, असं वाढलं तर ते जेवण दिसतं. प्रत्येक घास वेगळा लागतो. घरातले बाकीचे जे खातात त्याच भाज्या तिच्या ताटात, फक्त रूप निराळं, हे तिला फार महत्त्वाचं होतं. माझ्याही कामाचं होतं, कारण भाजी एकदाच निवडायची.

नुसत्या भाज्यांवर माणूस निभत नाही हेही सांगायला हवं. शंभर ग्रॅम भोपळ्यात प्रथिनं ग्रॅमभरच. जखम भरायला प्रथिनं लागतात. तेवढ्याच कोरड्या मूगडाळीत ती चोवीस ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणून रोज एका तरी भाजीत शिजलेली डाळ घोटून जायची. अंड्याची भुर्जी अगदी ओलसर, दुधात फेटून. आणि रविवारी अळणी.

बाहेरच्यांसाठी सांगतो, मटण शिजवताना चटणी घालायच्या आधीचं जे पाणी असतं ते आमच्याकडे अळणी. आलं, लसूण, हळद, मीठ आणि मटणाचा सगळा अर्क त्यात. त्यातूनच पुढं तांबडा आणि पांढरा रस्सा होतो. रविवारी आम्ही रश्श्यावर बसणार आणि आईपुढं दुधीचा लगदा, हे मला बघवलं नसतं. म्हणून अळणी गाळून घेतली, वर आलेलं जादा तेल काढलं, आणि यंत्रातून काढलेला बटाटा-फ्लॉवर दुधाऐवजी अळणीनं सैल केला. वर चमचाभर पांढरा रस्सा. खसखस, तीळ, काजू त्यात वाटलेले असतात, नारळाच्या दुधात सगळं मुरलेलं, तरी मी तो तलम फडक्यातून गाळला. आईनं पहिला घास जिभेवर घोळवला, गिळला, आणि काही न बोलता वाटी पुढं केली. नंतर बहिणीला फोनवर सांगताना ऐकलं, "रविवारी मटण जेवलो मी."

चटणीसाठी मात्र धीर धरावा लागला. कांदा-लसूण चटणी ओल्या जखमेला लागली तर डोळ्यांतून पाणी काढते. हिरड्या मिटल्याचं डॉक्टरांनी बघून सांगितल्यावर चिमूटभर चटणी कोमट तुपात टाकली, तुपाला रंग आला की तूप गाळून घेतलं आणि चोथा बाजूला. वास पूर्ण येतो, तिखट थोडंच लागतं. लाल तुपाचा तो थेंब भोपळ्यावर पडला तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जी तरतरी आली, त्यासाठी मी कितीही वेळा यंत्र धुवायला तयार आहे. तोपर्यंतच्या काळात लसूण तुपात तांबूस करून काढून टाकणे, आल्याचा रस आणि हिंग, यांनी निभावलं. लिंबू जखमेला झोंबतं, त्याजागी ताक.

काही गोष्टी भाजीच्या नाहीत पण सोबतच्या आहेत. शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि जेवण निम्म्यावर आलं असेल तर ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी सांगावं. गोळी तेवढीच आणि पोटात कमी, असं झालं की साखर एकदम खाली येते. आमच्याकडे गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी काही काळ बदलून दिलं. दुसरं, चोथा काढून टाकल्यामुळे पोट साफ होईना, तेव्हा दुधी आणि पालक वाढवला, दिवसभर पाणी मागे लागून पाजलं. तिसरं, कुस्करलेली भाजी लवकर आंबते. दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवसापर्यंतच, आणि परत काढली की पूर्ण रटरटू द्यावी, मग कोमट करून वाढावी. मी शिजवलेल्या फोडी तशाच ठेवायचो आणि कुस्करायचो ऐन वेळी. चवीत फरक पडतो.

माप झालं, मेणातली कवळी घालून बघून झाली, मग कवळी आली. लगेच भाकरी मोडता येईल असं आईला वाटत होतं, पण डॉक्टरांनी तिलाही शिस्त घालून दिली: आधी मऊ, घास लहान, दोन्ही बाजूंनी सारखं चावायचं, रात्री काढून पाण्यात ठेवायची. मग तीच भाजी मी यंत्राऐवजी पावभाजीच्या मॅशरनं ठेचायला लागलो, नंतर नुसत्या काट्यानं, आणि भाकरी गरगटात कुस्करून. हळूहळू फोडी तशाच राहिल्या तरी चालायला लागलं. झुणका झाला, मऊ पिठलं झालं. शेंगदाण्याचा कूट तेवढा अजून चाळणीतून काढूनच घालतोय, कारण कवळीखाली एक कण गेला तरी टोचतो आणि आई जेवण अर्ध्यावर सोडून उठते.