देवयानी दीर्घिका मागच्या अंगणातनं बघितली, माझा अनुभव

६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आणल्यावर पहिल्याच आठवड्यात चंद्र, शनीची कडी, गुरूचे चार चंद्र सगळं बघून झालं, ह्या गोष्टी इतक्या ठळक असतात की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांना फरक पडत नाही. पण मला बघायची होती देवयानी दीर्घिका (दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, ताऱ्यांचा प्रचंड समूह; यादीतलं हिचं नाव एम ३१), आणि ती काही केल्या सापडेना. तीन आठवडे गेले.

आधी कळलं की फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, मुख्य नळीशी जुळलेलाच नाहीये. मग दिवसाउजेडी लांबच्या टॉवरच्या टोकावर जुळवून घेतला (सूर्याच्या दिशेला चुकूनही नळी वळवू नका). मग वाट पाठ केली, भाद्रपदाच्या ताऱ्यांच्या मोठ्या चौकोनाचा देवयानी तारकासमूहाकडचा कोपरा, तिथनं मिराक हा तारा, मिराकपासून काटकोनात वळून दोन मंद तारे आणि दुसऱ्याच्या शेजारीच दीर्घिका. दुसरा तारा नुसत्या डोळ्यांना आमच्याकडे दिसत नाही, फाइंडरमधे दिसतो.

तरी नाहीच. शहरातला उजेड कापणारा फिल्टर घ्यावा का असंही डोक्यात आलं, पण ते वायूच्या तेजोमेघांना उपयोगी, मृगातल्या एम ४२ सारख्या. दीर्घिकेचा उजेड म्हणजे ताऱ्यांचाच उजेड, सगळ्या रंगांचा, फिल्टर तोही कापतो.

खरा फरक पडला तो चादरीने. आकाशातला उजेड आपल्या हातात नाही पण शेजारच्या दिव्याचा जो सरळ डोळ्यात येतो तो अडवता येतो, म्हणून डोक्यावरनं काळी चादर घेतली, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून अर्धा तास मोबाइल बघितला नाही, आणि दीर्घिका क्षितिजाजवळच्या उजेडातनं पार वर येईपर्यंत थांबले. २५ मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला, ४८ पट मोठं दिसतं. नजर जरा बाजूला ठेवली (मंद वस्तू तशी जास्त नीट दिसते) आणि दिसली! लांबट, धूसर, मधे थोडी उजळ. फोटोतले सर्पिल हात वगैरे नाहीत, फक्त गाभा, पण हा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आणि तो आत्ता माझ्या डोळ्यात, अंगावर काटा आला.

आईला उठवलं. तिला काहीच दिसेना. मग नळीला हलकी टिचकी मारली, मंद वस्तू हलली की डोळ्याला पटकन कळते. "अगं हो, तो कापसासारखा?" म्हणाली, आणि मग बराच वेळ आयपीस सोडेचना.